तहान लागली

मास्तर कमी बोलतात, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. शिंप्याचे हात चालले म्हणजे झालं, तोंडाचं कुणाला काय! टेप लावून ते मापं सांगत, बायको वहीत उतरवून घेई. फक्त 'प'वरून सुरू होणारा आकडा त्यांच्या ओठांवरच थिजायचा. मग कंबर पस्तीस भरली तरी ते "छत्तीस" म्हणत आणि शिवताना गुपचूप इंचभर आत घेत.

"वहीत एक, शिवणीत एक! मापं घेता की अंदाज बांधता?" बायको चिडवायची.

ते हसण्यावारी नेत. शाळेत फळ्याजवळ शब्द अडकून तोंड उघडं टाकून उभा राहिलेला त्यांच्यातलाच एक मुलगा अजून त्यांच्या घशात उभा होता. लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी त्याची चाहूल त्यांनी बायकोला लागू दिली नव्हती.

मग पाच वर्षांची लेक अडखळू लागली. "प-प-पाणी" म्हणताना डोळे घट्ट मिटायची, मान झटकायची. मास्तरांचं मशीन थांबायचं. तो मुलगा घशातून उतरून समोर येऊन उभा राहिल्यासारखं वाटायचं.

"लहान आहे, सुटेल आपोआप," बायको म्हणायची. असे सहा महिने गेले.

एका दुपारी लेक दुकानात आली. ओठ मिटून क्षणभर थांबली आणि सरळ म्हणाली, "आई, तहान लागली."

"बघा! एकदाही अडखळली नाही!" बायको हरखली.

मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली. ही पळवाट त्यांना आठव्या वर्षी सापडली होती. हिला पाचव्यातच सापडली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते दोघींना घेऊन स्पीच थेरपीवाल्या बाईंकडे गेले.

"या वयात पुष्कळ मुलं अडखळतात, बरीचशी आपोआप सुटतातही," बाई म्हणाल्या. "पण हिला सहा महिने झाले, जोर लावतेय, शब्द टाळतेय. आता वाट पाहायची नाही. घरात आणखी कुणाला आहे?"

"छे, कुणालाच नाही," बायको म्हणाली.

"आहे," मास्तर म्हणाले. "मला. प... प..."

'लहानपणापासून' जिभेवर तयार होतं. त्यांनी ते घेतलं नाही. डोळे मिटले गेले, मान झटकली. बायको शब्द पुरवायला पुढे झुकली, तशी बाईंनी तिला हातानंच थांबवलं. लेक टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"...पहिल्यापासून."

"नऊ वर्षं," बायको हळूच म्हणाली. "मला का नाही सांगितलंत?"

"कंबर प... प... पस्तीस भरली, की मी छत्तीस सांगायचो," मास्तर म्हणाले.