प्रत्येक पडद्यावर अध्यक्ष

आमच्या शिक्षणसंस्थेच्या प्रत्येक खोलीत अध्यक्षांचा फोटो होता. ग्रंथालयात होता, प्रयोगशाळेत होता, सायकल स्टँडवर पावत्या फाडणाऱ्या माणसाच्या टपरीतही होता. मुतारी तेवढी सुटली होती, तीही बहुधा नजरचुकीने. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस संस्थेत कॉम्प्युटर आले, तेव्हा हा फोटो त्यांच्यावरही चढणार हे मला आधीच कळायला हवं होतं.

मी तेव्हा जळगावच्या मुख्य कार्यालयात नेटवर्क सांभाळायला हंगामी म्हणून लागलो होतो. वडील पायाने चालवायच्या छापयंत्रावर पत्रकं छापत. विडी कामगारांची, एस.टी.वाल्यांची, शिक्षकांची. आमच्या घरात पाहुण्याला बसायला पत्रकांचा गठ्ठा पुढे सरकवत. अन्याय, निषेध, जाहीर जाब हे शब्द मी बाराखडीच्या आसपासच शिकलो. असा मुलगा संस्थेत नोकरीला लागला याचं वडिलांना हसू येई. मला येत नसे. मशीनला जात नसते, वशिला नसतो, असं मला खरोखर वाटत होतं.

माझे वरिष्ठ अध्यक्षांचे सख्खे भाचे होते. सगळे त्यांना सिस्टिमसाहेब म्हणत. त्यांच्या टेबलावरच्या मशीनमधून सगळ्या कार्यालयाच्या मशीनना हुकूम सुटत. ती रीत सोपी होती. सर्व्हरवर एक फाइल असे, तिला आम्ही पॉलिसी म्हणायचो. सकाळी कारकुनाने आपलं नाव आणि पासवर्ड टाकला की त्याचं मशीन आधी ही फाइल वाचे आणि ती सांगेल तसं वागे. पडद्यावर मागे चित्र कोणतं, कोणता मेनू दिसेल, माणसाला काय बदलता येईल आणि काय नाही, सगळं त्यात. एका खोलीत खूण केली की दुसऱ्या दिवशी प्रत्येक खोलीत ती लागू.

त्या खुणांचे तीन प्रकार होते. चौकोनात खूण असली तर सक्ती. चौकोन रिकामा असला तर ती सक्ती रद्द. आणि चौकोन राखाडी असला तर यात आम्ही पडत नाही, ज्याचं त्याने ठरवावं. तो राखाडी चौकोन मला फार आवडला होता. इतकं शहाणपण आमच्या संस्थेच्या घटनेतही नव्हतं.

सिस्टिमसाहेबांना नेमका तोच खुपायचा. "राखाडी काय भानगड आहे? एक तर हो, नाही तर नाही."

धुळ्याच्या कार्यालयात कुणीतरी पडद्यावरचा अध्यक्षांचा फोटो काढून त्या जागी धबधब्याचं चित्र लावलं, ही बातमी आली त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि स्वतः माउस हातात घेतला. एकेका चौकोनावर खूण करत सुटले. पडद्याचं चित्र बदलणं बंद, रंग बदलणं बंद, अक्षरांचा आकार बदलणंही बंद; सगळं जळगावच्या मापावर.

मी म्हटलं, "साहेब, फोटो हलू नये म्हणून एवढी पहिली खूण पुरते. अक्षरांचं पान उघडं राहू द्या. त्याचा फोटोशी संबंध नाही."

"आज अक्षरं बदलतील, उद्या अध्यक्ष बदलतील," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. मग फाइलीत स्वतःचं नाव वेगळं घातलं आणि त्यापुढचे सगळे चौकोन रिकामे ठेवले. त्यांच्या पडद्यावर लाल रंगाची परदेशी मोटार होती. ती तशीच राहिली.

धुळ्याचा सर्व्हर वेगळा होता. फोनच्या तारेवरून फाइल जाईल याचा भरवसा नसल्याने ती फ्लॉपीत भरून मीच एस.टी.ने घेऊन जात असे. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचलो, फाइल सर्व्हरवर टाकली आणि सगळ्यांना बाहेर पडून पुन्हा नाव टाकायला सांगितलं. रांगेतल्या सगळ्या पडद्यांवर अध्यक्ष हसू लागले.

विद्यार्थ्यांना दाखले देण्याच्या खिडकीशेजारच्या मशीनवर अक्का बसत. पिंपळनेरकडच्या. कार्यालयात आमच्याशी प्रमाण मराठी बोलत, पण घाईत किंवा रागात अहिराणीवर येत. लहानपणापासून डोळे अधू. चष्मा इतका जाड की शिपाई त्याला दुर्बीण म्हणत, आणि अक्काही म्हणू देत. त्यांनी उमेदीची वर्षं तळघरातल्या दप्तरखान्यात काढली होती. कागद डोळ्यांशी धरून वाचणाऱ्या बाईला समोर बसवायला कुणी तयार नव्हतं. कॉम्प्युटर आल्यावर त्या स्वतःहून शिकल्या. टायपिंग बोटांत होतंच. पडदा काळा केला, अक्षरं पिवळी आणि बोराएवढी. विद्यार्थ्यांचे दाखले त्या झरझर काढू लागल्या आणि खिडकीजवळची खुर्ची त्यांना मिळाली. मला एकदा म्हणाल्या होत्या, "कागद माझ्यासाठी कधी मोठा झाला नाही हो भाऊ. हे होतं."

आता त्यांनी नाक काचेला टेकवलं. "भाऊ, हाई काय करं तू? बठ्ठं बारीक व्हई गय!"

मी सांगितलं. जळगावचा हुकूम, सगळ्यांना सारखा.

"मग मोठं करून दे."

"करता येत नाही. बंद केलंय."

"म्हणजे माझा चष्मा मी घालायचा की नाही, हे जळगाव ठरवणार?"

शेजारचा कारकून म्हणाला, "अक्का, जळगावहून चष्म्याचीही फ्लॉपी येईल." सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. खिडकीबाहेर पोरांची रांग होती.

मी एस.टी.डी. बूथवरून सिस्टिमसाहेबांना फोन लावला. एका बाईपुरती सूट मागितली.

"एकाला दिली की सगळे मागतील."

"सगळ्यांचे डोळे अधू नाहीत, साहेब."

"दिसत नसेल तर परत दप्तरखान्यात पाठवू. तिथे काय वाचायचंय?"

हे ते चिडून बोलले नाहीत. जेवताना मीठ मागावं तितक्या सहज बोलले. मला त्या रिसीव्हरची किळस आली.

मी परत येऊन फाइल उघडली. अक्कांचं नाव वेगळं घातलं. त्यांच्यापुढचे चौकोन राखाडी करून भागलं नाही. एकदा घातलेली बंदी मशीन लक्षात ठेवतं. ती उठवली आहे, असं त्याला स्पष्ट सांगावं लागतं. मी चौकोन रिकामे केले. अक्कांनी पुन्हा नाव टाकलं, पडदा काळा केला, अक्षरं मोठी केली. माझ्याकडे न बघताच त्या खिडकीला म्हणाल्या, "चला, पुढचा कोण?"

अध्यक्षांच्या वाढदिवसापर्यंत हे टिकलं. त्या दिवशी ते हार, पेढे आणि माणसांचा घोळका घेऊन धुळ्याच्या कार्यालयात आले. सिस्टिमसाहेब पुढे होते. ते एकेका मशीनपाशी थांबून "हे बघा मामा" म्हणत आणि मामा स्वतःकडे बघून मान डोलवत. स्वतःचा चेहरा ओळीने इतक्या वेळा बघून माणसाला मळमळत कसं नाही, असं वाटत मी मागे उभा होतो. खिडकीपाशी ते थांबले. काळा पडदा, पिवळी अक्षरं.

"इथे आम्ही नाही का?" अध्यक्ष हसत म्हणाले.

अक्का उठून उभ्या राहिल्या. "आबा, तुम्ही होता तेव्हा मला पोरांची नावं दिसत नव्हती."

क्षणभर मला वाटलं, झालं. आता या माणसाला कळेल. स्वतः चष्मा लावणारा, नातवंडं असलेला माणूस. अध्यक्षांनी अक्कांच्या खांद्यावर हात ठेवला, भाच्याकडे वळले आणि मोठ्या मनाने म्हणाले, "अरे, मग बाईंना दिसेल असा मोठा फोटो लावा ना!"

टाळ्या पडल्या. टाळ्या! प्राध्यापकांनी वाजवल्या, पत्रकारांनी वाजवल्या. मी "आबा, फोटो नाही, अक्षरं" एवढं म्हणालो, तर सिस्टिमसाहेबांनी माझं कोपर असं दाबलं की पुढचं वाक्य दातांतच राहिलं.

अध्यक्ष चहाला गेल्यावर सिस्टिमसाहेबांनी स्वतः फाइल उघडली, अक्कांचं नाव उडवलं आणि फोटो पडद्याच्या कडेपर्यंत ताणून दिला. अध्यक्षांचं नाक पसरट झालं. त्यावर दाखल्याची बारीक अक्षरं मुंग्यांसारखी. जाता जाता सर्व्हरचा पासवर्ड बदलला. माझ्याकडे आता फक्त फ्लॉपी पोचवायचं काम उरलं. अक्कांना म्हणाले, "महिनाभर बघू. जमलं तर ठीक, नाहीतर दप्तरखाना आहेच."

मी रात्रीच्या जेवणाला वडिलांना सगळं सांगितलं आणि राजीनामा देतो म्हणालो. ते म्हणाले, "दे. तू मोकळा होशील. ती बाई?"

मग मी म्हटलं, सकाळी मशीन सुरू होताच प्रत्येकापुढे एक सूचना आणता येते. पासवर्ड कुणाकडून तरी मिळवतो आणि त्यात सगळी हकिकत लिहितो. बटण दाबल्याशिवाय ती जात नाही, सगळ्यांना वाचावंच लागेल. वडिलांचा घास थांबला. "आपलं पत्रक माणूस चुरगळून फेकू शकतो," ते म्हणाले. "म्हणून तर ते पत्रक. तू सांगतोयस तो तर दुसरा फोटो झाला." मी वाद घातला. खूप घातला. पण ती सूचना लिहिली नाही.

तोवर अक्कांनी आपली वाट काढली होती. त्यांनी मॉनिटर उचलून खिडकीकडे फिरवला. त्या न बघता टाइप करत आणि बाहेरचा विद्यार्थी आपलं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख पडद्यावर वाचून सांगे. "बरोबर शे का रे?" "हो बाई." दाखला बाहेर. महिना भरला, काम अडलं नाही, खुर्ची राहिली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सहन केलं असतं. पण सिस्टिमसाहेबांना ही कल्पना आवडली. जळगावच्या सभेत त्यांनी ती विद्यार्थ्यांच्या सहभागाची योजना म्हणून मांडली आणि लगेच हुकूम काढला: सर्व कार्यालयांत मॉनिटर खिडकीकडे. ज्यांचे डोळे धड होते ते कारकूनही माना वाकड्या करून टाइप करू लागले आणि अक्कांच्या नावाने बोटं मोडू लागले. तो हुकूम घेऊन धुळ्याला मलाच जावं लागलं. खिशात राजीनामा होता, परतल्यावर द्यायचा.

अक्का खिडकीशी बसल्या होत्या. पडद्याची पाठ त्यांच्याकडे. मी म्हटलं, "अक्का, मी सोडतोय."

"सोड भाऊ. तुला दुसरीकडे मिळेल." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "काल एका पोराच्या दाखल्यावर बापाचं नाव चुकलं. त्याने न वाचताच हो म्हटलं. ही पोरं आबांचं नाक बघून हसत बसतात. माझ्या हातून कधी चूक गेली नव्हती रे."

तीन चौकोन. जळगावातल्या एका माणसाने माउस तीनदा दाबला असता तर या बाईला स्वतःचं काम स्वतः वाचता आलं असतं. आणि सगळे तिला हुशार म्हणत होते, कशी युक्ती काढली म्हणत होते. ते कौतुक मला त्या फोटोहून ओंगळ वाटलं.

"गाडीला वेळ शे ना तुले?" अक्का म्हणाल्या. "मग ये, बाहेर उभा राहा. आज गर्दी आहे. तू नीट वाचशील."

मी बाहेर जाऊन खिडकीपाशी, पोरांच्या रांगेच्या तोंडाशी उभा राहिलो. ताणलेल्या हसऱ्या चेहऱ्यावरून एकेक नाव, एकेक तारीख मोठ्याने वाचत गेलो आणि आतून अक्का प्रत्येक वेळी विचारत राहिल्या, "नक्की?"