मुठीतली ऊब

उजवी मूठ छातीशी धरून तो माणूस व्हरांड्यातून येताना दिसला की वाट सोडायची, हे आम्हा साताऱ्याच्या नर्सना शिकवावं लागलं नाही. मुठीत रक्ताने भरलेली काचेची नळी असायची. कुणी काही विचारलंच तर डावा हात वर करून ते म्हणायचे, "घाई करू नगा."

ते सांगलीकडचे, जैन शेतकऱ्याच्या घरातले. दवाखान्यात रक्त तपासणं हे त्यांचं काम. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मोठे डॉक्टर समोर आले तरी यांचा नमस्कार एकाच हाताने. चहाही डाव्या हाताने, त्यामुळे सदऱ्यावर कायम डाग. मी एकदा चिडवलं, "अण्णा, तुम्ही मुंगी चुकवून चालता आणि माणसांना सुया टोचता?"

"मुंगीला ताप येत न्हाई, बाई. आला तर तिलाबी टोचीन."

लढाई संपून फौजेतली माणसं घरी परतत होती, त्या हिवाळ्यात इन्फ्लुएंझा आला. आधी खोकला, अंग मोडून येणं. मग काहींच्या नाकातून रक्त सुरू व्हायचं. ज्याचं रक्त गोठायला वेळ लागे, त्याचं काही खरं नसे. खाटा कमी, म्हणून डॉक्टर अशांनाच ठेवून घेत आणि बाकीच्यांना घरी पाठवत. कोण राहणार आणि कोण जाणार, ते अण्णांच्या मुठीत ठरायचं.

बोट टोचून रक्त बारीक नळीत घ्यायचं आणि नळी मुठीत धरायची, कारण गार पडली तर रक्त उगाच उशीर लावतं. थोड्या थोड्या वेळाने नळीचं टोक मोडून बघायचं. दोन तुकड्यांमध्ये रक्ताचा धागा ताणला गेला की ते गोठलं.

लोकांनी भलताच अर्थ लावला. अण्णांनी टोचलं की माणूस जातो, असं गावोगाव झालं. ते वॉर्डात शिरले की बायका आजाऱ्याचे हात गोधडीखाली लपवायच्या. खोकलासुद्धा थांबायचा. मला त्या शांततेची भीती वाटे आणि अण्णांची फार कीव येई.

एका सकाळी मात्र नवल झालं. ज्याची त्याची नळी मोडावी, तर लगेच धागा! वॉर्डात कितीतरी दिवसांनी कुणीतरी हसलं. मेढ्याची एक तरुण सून होती, नवरा फौजेत. तिच्या नाकातलं रक्त आदल्या दिवसापासून थांबत नव्हतं, पण धागा आला. सासऱ्याने लगोलग बैल जुंपले आणि तिला गाडीत निजवलं.

ट्रे माझ्या हाती देताना अण्णांचा तळवा मला लागला. तव्यासारखा तापला होता.

"अण्णा, तुम्हाला ताप आहे!"

ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "म्हंजी रक्त ह्या तापानं गोठलं, बाई." एवढं म्हणून ते धडपडत बाहेर गेले आणि बैलांच्या पुढ्यात उभे राहिले.

"आवं, तिला न्हेऊ नगा. माझी चूक झाली. पुन्यांदा बघाय पायजे."

"आता न्हाई!" म्हातारा ओरडला. "धागा आला म्हनलासा न्हवं? किती जनांला मारनार हायसा?"

"मी हात लावत न्हाई. ह्या बाई बघतील." अण्णांनी कासरा धरून ठेवला होता. उभं राहवत नव्हतं, तरी धरून ठेवला होता.

मी टोचलं. माझ्या मुठीत नळी धरली. टोक मोडलं, धागा नाही. पुन्हा मोडलं, नाही. नळी बोटभर उरली तरी रक्त पातळच. म्हाताऱ्याने खाली पडलेल्या तुकड्यांकडे पाहिलं आणि बैल सोडले. इतरांनाही डॉक्टरांनी पुन्हा तपासायला थांबवलं.

अण्णा त्याच दुपारी खाटेला लागले. त्यांचं रक्त मीच तपासलं. त्यांनी निकाल विचारला नाही. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, आणि मला रडू आवरेना. सांगलीहून त्यांचा भाऊ पोचला, तो थेट माहुलीच्या घाटावर, चितेपाशीच.

सून हळूहळू उठून बसली. तिला घरी न्यायच्या दिवशी सासरा माझ्यापाशी आला. "त्ये नळीवालं अण्णा कुठं हायत? त्यास्नी लय बोललो मी."

मी सांगितलं.

त्याने सुनेला गाडीत बसवलं. मग गाडीवर चढला. मेढ्याचा रस्ता मावळतीकडे जातो. त्याने बैल उगवतीला, माहुलीकडे वळवले.