डोळे मिटून मारलेला टोमणा

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालला होता. आत्याकडे गेलो तेव्हा संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळे चटईवर बसले होते, मीही बसलो. आत्या डोळे मिटून, गहिवरल्या आवाजात म्हणाली, "हे प्रभू, या घरातल्या काही जणांना उशिरा उठायची सवय लागली आहे, त्यांना जाग दे. काहींच्या जिभेला हाड नाही, तिला तूच लगाम घाल."

काही जण म्हणजे एकटी वहिनी, आत्याची सून. ती माझ्या शेजारीच होती. मी डोळे किलकिले करून पाहिलं. तिचा चेहरा हलला नाही, फक्त पायाचा अंगठा चटईत रुतत गेला.

काय सोय आहे! तोंडावर बोललं तर उत्तर ऐकावं लागतं. देवाला सांगितलं, की समोरच्याने हात जोडून ऐकायचं आणि वर ‘आमेन’ही म्हणायचं. वहिनीही ‘आमेन’ म्हणाली. आमचे उपवास शेजारणीला कळतील इतक्या मोठ्याने चालतात, गुडघे टेकतात ते चर्चच्या पहिल्या बाकाशी, आणि देव बिचारा निरोप्यासारखा मध्ये उभा.

"प्रार्थना केली की कसं मन मोकळं होतं," आत्या उठताना म्हणाली.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. चपात्या लाटता लाटता वहिनीचे ओठ हलत होते. मला पाहताच ते मिटले. काय मागत होती कोण जाणे, पण ते कुणी ऐकू नये एवढं तिला नक्की हवं होतं.

त्या घरात त्या दिवशी एकच प्रार्थना झाली, आणि तीही माझ्यामुळे अर्धी राहिली.