दिवा धरणारी इझाबेल

इझाबेलला हेवा वाटायला फार काही लागायचं नाही. शेजारच्या रोझलीनच्या मोगऱ्याला आधी कळ्या आल्या, वाटला. नणंदेच्या जावयाने सासूसाठी खुर्ची पुढे ओढली, वाटला. पण हे हेवे म्हणजे उतू जाणारं दूध. वर यायचे, फुंकर घातली की खाली बसायचे. चंदनसारहून येणाऱ्या ज्ञानदाचा हेवा मात्र काही केल्या बसेना.

भुईगावातल्या वाडीत इझाबेल मोगरा नि केळी पिकवते, आणि तिचा नवरा गॉडफ्रे, जन्मभर होड्यांची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, म्हातारपणी उडतो. खरंच उडतो. तीन चाकांवर एक खुर्ची, वर कापडी पंख, पाठीमागे छोटं टू-स्ट्रोक इंजिन नि पंखा, एवढंच त्याचं विमान. गावाबाहेरच्या कोरड्या मिठागरावरून ते वर जातं, समुद्रावर एक वळसा घेतं नि परत येतं.

त्या इंजिनाला ठिणगी द्यायचे ते जुन्या पद्धतीचे पॉइंट. ते झिजायचे, ठिणगीची वेळ चुकायची, मग जुळवणी. ती नेहमी रविवारी, मिस्सा झाल्यावर. इझाबेल चर्चमधून येऊन साडीही बदलायची नाही. वायरीला जोडलेला छोटा दिवा हातात धरून ती शेडमध्ये पाटावर बसायची. गॉडफ्रे पंखा बोटाने हळूहळू फिरवायचा. पॉइंट उघडले की दिवा विझायचा, आणि त्याच क्षणी इझाबेल ओरडायची,

"थांब!"

गॉडफ्रेचा हात जागच्या जागी थिजायचा.

घराचं छप्पर गळतंय, थांब; औषध न घेता कुठं निघालास, थांब; दुसऱ्याच्या भांडणात पडू नकोस, थांब. ह्यातलं एकही थांब त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. दिव्याचं मात्र ऐकायचा. पाटावर बसलेली इझाबेल त्या घटकेला राणी असायची.

ज्ञानदा ड्रोनच्या कंपनीत कामाला. मिठागरावर उडणारा माणूस बघून एकदा आली नि येतच राहिली. आल्या आल्या तिचं सुरू झालं, "अंकल, पॉइंट कोण वापरतं आता? सीडीआय बसवू, इलेक्ट्रॉनिक ठिणगी. एक डबा, एक प्लेट, नवा मॅग्नेट. एकदा लावलं की विसरून जायचं."

"विसरून?" गॉडफ्रेचे डोळे चमकले.

"जुळवणीच नाही. दिवाबिवा काही नको."

इझाबेल ओट्यावर बोंबील साफ करत होती. एका बोंबलाचं डोकं जरा जास्तच जोरात उडालं.

"आंटी, तुमची पण सुटका!" ज्ञानदा शेडमधून ओरडली.

"मी कोनाकडं सुटका मागितली?" इझाबेल बोंबलाला म्हणाली.

आणि मग तो रविवार आला. मिस्साहून आल्यावर इझाबेल सवयीने शेडकडे वळली, तर तिच्या पाटावर ज्ञानदाची पिशवी. ज्ञानदा नि गॉडफ्रे डोक्याला डोकं लावून इंजिनावर वाकलेले. "पोरी, पाना दे." "हा नको, तो." "वा, हात चांगला हाय तुझा!"

हात चांगला हाय. इतक्या वर्षांत इझाबेलच्या हातच्या वाफाळत्या सांदनांना कधी चांगलं म्हटलं नव्हतं त्याने.

"मी काय करू?" तिने विचारलं.

"चहा कर," गॉडफ्रे मान वर न करता म्हणाला.

ती चहा घेऊन आली तेव्हा जुना मॅग्नेट निघाला होता. रॉकेलच्या परातीत नटबोल्ट पडले होते आणि त्यांच्यात एक इवलीशी चावी, अर्ध्या चंद्राच्या आकाराची. ती इझाबेल ओळखून होती. मॅग्नेट शाफ्टवर नेमक्या जागी बसतो तो ह्या चावीमुळे. नव्या खोक्यात चावी आली नव्हती, हीच परत वापरायची होती. दोघंही पाठमोरी होती. इझाबेलने कप खाली ठेवले आणि चावी उचलून पदराच्या गाठीत बांधली. जास्त काही नाही, एक रविवार तरी आपला राहील, एवढाच तिचा हिशेब.

थोड्या वेळाने शेडमध्ये धांदल उडाली.

"अंकल, चावी कुठंय?"

"परातीत बघ."

"नाहीये. खणात बघते." खण उघडल्याचा खडखडाट झाला. मग ज्ञानदा म्हणाली, "अय्या, अंकल! तुमच्याकडे बझर आहे की! पॉइंट उघडले की वाजतो तो. एकट्याने जुळवणी झाली असती. मग आंटींना दिवा घेऊन कशाला बसवायचात?"

कप ठेवून बाहेर आलेल्या इझाबेलने दाराशीच कान टवकारले.

"ठेव तो तिथंच," गॉडफ्रे गुरगुरला. "चावी शोध."

पदराची गाठ एकाएकी जड झाली. आत जावं, म्हणावं, ही घ्या, खाली पडली होती. पण ज्ञानदासमोर? ती पोर हसेल. रात्री देऊ, ती निघून गेली की. नाहीतरी आज काम होत नाही.

"सोड चावीचा नाद," आतून गॉडफ्रेचा आवाज आला. "खुणेवर खूण धरतो नि नट आवळतो. मॅग्नेट काय हलत नाय."

"अंकल, वेडे झालात? हवेत सरकला तर ठिणगी भलत्याच वेळी पडेल. इंजिन बंद."

"तर उतरू."

"कुठे? समुद्रात?"

"आज वारा पडलाय, पोरी. इंजिन कधीपासून रडतंय, आज मला उडायचं म्हंजे उडायचं. धर तो पंखा, मी आवळतो."

"थांब!"

गॉडफ्रेचा हात पान्यावरच थिजला. दिवा नव्हता, वायर नव्हती, तरी थिजला. इझाबेल दारात उभी राहून पदराची गाठ सोडत होती.

चावी तिने त्याच्या तळव्यावर ठेवली. ज्ञानदाने उगाचच एक स्वच्छ पाना पुसायला घेतला.

"तुझ्याकडं होती?" गॉडफ्रेने विचारलं.

"हां."

"का?"

"तुझ्या ह्या डब्याला मी नको, म्हनून." एवढं बोलल्यावर तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. "आनि तो बझर कधीचा?"

"जुना हाय."

"किती जुना?"

"आपली शर्लिन शाळेत जायच्या आधीचा."

"मंग मेल्या, मला इतकी वर्षं इथं घामात कशाला बसवलंस?"

गॉडफ्रेने चावी खाचेत बसवली, अंगठ्याने दाबली आणि तिकडेच बघत म्हणाला, "बझर आनला, एकदा लावून बघितला. भांडत नाय तो. नुसता वाजतो."

ज्ञानदाला हसू आवरेना. इझाबेलने तिच्याकडे असं बघितलं की आवरलं.

संध्याकाळी मिठागरावर इंजिन अर्ध्या झटक्यात सुरू झालं. पूर्वी ते खोकायचं, शिंकायचं, रुसायचं. आता एका सुरात घुमत राहिलं. इझाबेलला तो आवाज आवडला, आणि आवडला म्हणून आणखीच राग आला. पूर्वी वर गेल्यावर इंजिन अडखळलं की गॉडफ्रे खाली तिला शोधायचा. आज अडखळलं नाही. त्याने खाली बघितलं नाही. सरळ समुद्राकडे निघून गेला, मेला.

दोघी बांधावर उभ्या होत्या.

"ह्या डब्यात बिघडन्यासारखं काय असतं गो?" इझाबेलने विचारलं.

"फारसं काही नाही, आंटी."

"कायच नाय?"

ज्ञानदाने तिच्याकडे पाहिलं. मग आकाशातल्या त्या ठिपक्याकडे. "प्लग काढून बघावे लागतात. काळे पडलेत का, ते."

"कधी?"

"रविवारी बघितलेले बरे."

"मिस्सा झाल्यावर," इझाबेल म्हणाली. "दोन मानसं लागत असतील."

"लागतात ना. एकाने काढायचे, एकाने धरायचे."

"त्याला तू लागतेस?"

"नाही, आंटी."

इझाबेलने पदर सारखा केला. पहिल्यांदाच त्या पोरीचा चेहरा तिने नीट न्याहाळला. वाळलेली होती पोर. धड जेवत नसावी.

"येत जा मंग," ती म्हणाली. "सांदनं करीन तुला. सोमवारी ये."