घामाला घाबरणारं घड्याळ
नेलपॉलिशचा उग्र वास आला की मला बालीगंजच्या आमच्या फ्लॅटमधली ती दमट दुपार आठवते. लेकीने कॉलेजच्या प्रदर्शनासाठी स्वतः जोडलेलं इलेक्ट्रॉनिक घड्याळ टेबलावर चोख चालायचं आणि मनगटावर बांधलं की बंद पडायचं. प्रदर्शन दुसऱ्याच दिवशी होतं. "बॅटरी बदल," तिचे बाबा पेपरामागून म्हणाले. "बाबा, तीन बदलल्या!" ती रडकुंडीला आली होती. मी घड्याळ हातावर बांधून पाहिलं. पंख्याखाली ते चाललं, स्वयंपाकघरात थांबलं. "अगं, याला इथला घाम सोसत नाही," मी म्हणाले. तिने ते उलटं केलं, तारा जोडणारे सोल्डरचे उघडे सांधे पुसले आणि घाम लागू नये म्हणून त्यांवर माझ्या बिनरंगी नेलपॉलिशचे दोन हात दिले. दुसऱ्या दिवशी प्रमुख पाहुणे ताफ्यासह उगवले. "टाइम बराबर है?" त्यांनी तिच्या मनगटाकडे पाहून विचारलं. "जी सर, आप चालीस मिनट लेट हैं." पाहुणे हसले, प्राचार्यांना ते जमलं नाही. आता ती सर्किटं बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिच्या टेबलावर नेलपॉलिशची बाटली कायम असते, पण नखांना लावताना मी तिला अजून पाहिलेलं नाही.