चकचकीत दहा, खरखरीत वीस

सोमवार, सकाळी साडेअकरा. माझ्या टेबलावर सिरॅमिकचे दहा इम्प्लांट. हजर तिघे: मालक विश्वासबाब, ॲसिड रूमचा तानाजी आणि तपासणी करणारा मी. दहाही नापास.

इम्प्लांट म्हणजे कृत्रिम दाताचं मूळ. दिसतं स्क्रूसारखं, बसवतात जबड्याच्या हाडात. गुळगुळीत असलं तर हाड त्याला नीट धरत नाही. म्हणून ते गरम ॲसिडात ठेवून खरखरीत करायचं. याला आम्ही एचिंग म्हणतो. खरखरीतपणा मोजतात मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. पुण्याच्या डॉक्टरबाईंना तो एक ते दोन हवा होता. माझं मशीन दाखवत होतं ०.२.

"मांद्रेकर, परत मोज."

"तीनदा मोजलं, विश्वासबाब."

"बाई मोपा विमानतळावर उतरल्या. तासाभरात डिचोलीत. आज सॅम्पल नापास झालं तर ॲसिड रूम बंद. भागीदार ऐकायचा नाही."

तानाजी खाली बघत होता. तो गडहिंग्लजचा. नऊ वर्षं फरशीच्या कारखान्यात काढून आमच्याकडे आलेला. ॲसिड रूम बंद म्हणजे त्याची नोकरी गेली.

मी रजिस्टर उघडलं. शनिवारी ॲसिडात उतरवलेले इम्प्लांट तीस. दहा थोडा वेळ, दहा त्याहून जास्त, दहा सर्वांत जास्त. टेबलावर आलेले दहा.

"तानाजी, बाकीचे वीस कुठे?"

"रिजेक्टात टाकलं की."

"न मोजता?"

"त्यात मोजायचं काय, सायेब? चकाकी गेलेली. बोट फिरवलं तर नुसती खरखर. पाहुण्याम्होरं तसलं ठेवतंय व्हय कोण? चकचकीत तेवढं निवडून दिलं तुमास्नी."

विश्वासबाब ताडकन उठले. "अरे, तोच आपला माल मरे! डबा खंय?"

"भंगारात. टेंपो आलाय न्ह्यायला."

आम्ही तिघेही पळालो. टेंपो गेटच्या बाहेर निघाला होता. माझं वय पन्नास, तरी सर्वांत पुढे मी होतो. ड्रायव्हरला वाटलं आग लागली. पत्र्यांखालून डबा निघाला. झाकण घट्ट होतं. आत वेळ लिहिलेल्या दोन पिशव्या. मोजले: वीस.

धुऊन, सुकवून एकेक मशीनखाली घेतला. मधले दहा ०.८ च्या आसपास. मग शेवटच्या दहांतला पहिला.

"मोठ्याने वाच!"

"एक पूर्णांक तीन!"

दुसरा १.४. तिसरा १.३. दहाव्यापर्यंत विश्वासबाब माझ्या खांद्यावर थापा मारत होते आणि रजिस्टरात माझे आकडे तिरके पडत होते.

डॉक्टरबाईंनी स्वतः मोजलं आणि विचारलं, "एचिंग कुणी केलं?" आम्ही तानाजीला पुढे ढकललं. तो आधी घाबरला. बाईंनी हात पुढे केला, तेव्हा त्याने आपला हात पँटला पुसून मग दिला.

त्या गेल्यावर मी त्याला हाडाचं सगळं समजावलं.

"म्हंजे पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावत्यात, तसं?"

"अगदी तसं."

"मग हे आधी सांगायचं न्हाई व्हय?"

खरंच होतं. वेळ, तापमान, हातमोजे, सगळं त्याला शिकवलं होतं. हे कशासाठी, ते मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही.

शेवटचे दहा इम्प्लांट पुण्याला गेले. ॲसिड रूम चालू राहिली. चकचकीत दहा तानाजीने आपल्या हाताने रिजेक्टच्या डब्यात टाकले. टाकण्याआधी मात्र माझ्याकडून चौथ्यांदा मोजून घेतले. ०.२.