त्र्यंबकने मिटलेली पेटी

१९५४च्या भाद्रपदात कोपरी गावात एकच कुजबुज होती: त्र्यंबक लेले आणि प्रभाकर यांचं फाटलं. शेजारच्या गोदूबाईंच्या मते प्रकरण हातघाईवर आलं होतं. त्यांनी ते पाहिलं नव्हतं, तरी अंगणात साभिनय करून दाखवलं. खरं एवढंच, की प्रभाकरची नवी कविता गायला त्र्यंबकने नकार दिला होता.

आता हेही काही थोडं नव्हे. चाल लावून गायल्याशिवाय कोपरीला कविता ही कविता वाटतच नसे. त्र्यंबक कचेरीतला कारकून, पण त्याचा गळा लागला की शेजारणींच्या भाकऱ्या करपत. प्रभाकर मोहने गावच्या कारखान्यात कामाला. लिहिणं झकास, सूर असा की मांजरसुद्धा उठून जावं. म्हणून गणेशोत्सवात दोघांच्याही कविता त्र्यंबकच गाई. त्याला लिहितं ठेवलं होतं ते मात्र प्रभाकरने. स्वतःच्या कविता बंबात घालायला निघालेल्या त्र्यंबकचा हात त्यानेच धरला होता.

यंदा प्रभाकरने कारखान्यावर लिहिलं. ना यमक, ना ठेका. त्र्यंबक पेटीशी झटापट करून थकला. भूप लावला तर कारखान्याचं देऊळ झालं. भैरवी लावली तर कामगार सासरी निघाल्यासारखे वाटले.

"चाल लावली की मरते रे ही," तो म्हणाला. "तूच वाच."

"लोक हसतील."

"हसू देत."

"हसले तर यापुढे ओळ लिहिणार नाही. सांगून ठेवतो."

त्र्यंबकला तेव्हापासून घास गोड लागेना. प्रभाकर बोललेलं करणारा माणूस.

मंडपात प्रभाकरने जेमतेम दोन ओळी वाचल्या असतील, मागून कोणी ओरडलं, "चाल कुठाय, चाल?" हशा पिकला. पोरंटोरं ठेक्यात टाळ्या पिटू लागली. प्रभाकर कागदाची घडी घालू लागला.

मंडळाचे अध्यक्ष भाऊ वळून म्हणाले, "त्र्यंबक, तुझं एखादं गा बाबा. मंडळाची अब्रू राख."

त्र्यंबक उठला. मंडपाला वाटलं, सुटलो. त्याने व्यासपीठावरची पेटी मिटली, बाजूला सारली आणि प्रभाकरच्या मांडीला मांडी लावून बसला. हसणाऱ्यांकडे एकेक करून बघू लागला. रोज एकमेकांची तोंडं बघणारी माणसं ती. माना खाली गेल्या.

"पहिल्यापासून वाच," तो हळूच म्हणाला.

काहीजण चपला शोधत निघून गेले. प्रभाकर अडखळला, पुन्हा सुरू झाला. धुराड्याखाली डबा उघडणाऱ्या माणसापाशी कविता आली तेव्हा खोकणंही थांबलं होतं. शेवटी टाळ्या पडल्या त्या तुरळकच, पण ठेक्यातल्या नव्हत्या.

प्रभाकरने घाम पुसला. "दुसरी आहे, वाचू?"

त्र्यंबकने रोखून धरलेला श्वास सोडला.

खाली उतरल्यावर भाऊंनी त्याला गाठलं. "ही रे कसली कविता? गाता येत नाही ती?"

त्र्यंबक म्हणाला, "गाता मला येत नाही, भाऊ. दोष तिला का देता?"